निळ्या डोळ्यांची वेणू

फाल्गुनातली संध्याकाळ मिरजेवर उतरत होती. केशरी, क्लान्त, धूलिधूसर. निष्पर्ण पळसांवर अग्निपुष्पे पेटली होती, आणि त्या मूक ज्वाळांखालून म्हाळसाबाई एकटीच स्टेशनाकडे चालली होती.

तिची लेक वेणू नाटकात गायची. सावळी, सडपातळ वेणू! दीपोज्ज्वल रंगभूमीवर तिचा पहिला सूर उमटला की हजारांची सभा श्वास विसरायची. माघात कंपनी हुबळीला गेली. तिथे प्लेग होता. वेणू परतली नाही.

ना अंत्यदर्शन, ना मूठभर राख. घरात साधी तसबीरही नव्हती. उरला होता आठवणीतला चेहरा. पाण्यावरच्या चांदण्यासारखा, दिवसागणिक विरत जाणारा.

आणि आज कंपनीचा पेटीवाला सांगून गेला होता, "मुंबईला फोटो काढला होता तिचा, बाई. हल्ली विलायती सिगारेटच्या पाकिटात छापून निघतो."

स्टेशनाबाहेरच्या पानवाल्या दस्तगीरने काही न विचारता फळीवरचे चित्र काढून दिले. "तुमच्यासाठीच ठेवलं होतं, मावशी."

तळहाताएवढे चित्र. तंबाखूचा उग्र गंध. कमलगुलाबी गाल, सोनसळी केस. आणि डोळे निळे, परक्या आभाळासारखे निळे! वेणूला कधीच न पाहिलेल्या, सातासमुद्रापलीकडच्या कुण्या रंगाऱ्याने तिचे सावळेपण धुऊन टाकले होते. हनुवटीवरचा तीळही पुसला होता.

"ही माझी वेणू नव्हे रे."

"तीच आहे, मावशी. लुगडं बघा."

लुगडे तेच होते. मोरपंखी, रुंद काठाचे. तिनेच नेसायला शिकवलेले.

इतक्यात एका गिऱ्हाइकाने पाकीट फोडले, आतले चित्र निरखले, "ही आहे माझ्याकडे," म्हणत खाली टाकले आणि धूर सोडत निघून गेला. धुळीत निळे डोळे उघडेच होते. म्हाळसाबाई वाकली. पदराने तिने ते मुख पुसले, हळूहळू, न्हाऊ घातलेल्या लेकराचे पुसावे तसे.

घरी येऊन ती उंबऱ्यावर टेकली. दोन्ही चित्रे पालथी ठेवली, डोळे मिटले, आणि आपल्या सावळ्या लेकीला हाक मारली. "वेणू... ये गं."

अंधारातून ती आली. गोरी, गुलाबी, निळ्या डोळ्यांची. म्हाळसाबाईने पापण्या घट्ट आवळल्या. तरी तीच आली, पुन्हा तीच आली. हसत होती, नुसती हसत होती. आणि "आई" म्हणत नव्हती.