कडेचं कापड

बोका हा बोका नव्हता, कुत्रा होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढे घोटाळा होतो. चपटं नाक, बटबटीत डोळे आणि पिल्लू असताना दुधाच्या पातेल्यात अख्खं तोंड बुडवायची खोड, म्हणून आजोबांनी त्याचं नाव बोका ठेवलं. आजोबांनी एकदा नाव ठेवलं की ते डिंकासारखं चिकटायचं. नातीला ते टकळी म्हणत. ती आता दहावीत होती, शाळेच्या वादविवाद स्पर्धेत पहिली आली होती, तरी सगळ्या गल्लीला ती टकळीच. हल्ली तिला त्याचा राग येत नसे. उलट छाती पुढे काढून ती म्हणायची, "हो, बोलते मी! मग? गप्प बसून कुणाचं भलं झालंय?"

घराच्या पुढच्या खोलीत आजोबांचं चष्म्याचं दुकान होतं. काचेची कड दगडी चाकावर घासून ती फ्रेममध्ये अशी बसवायची की नखही आत जाऊ नये, ही आजोबांची ख्याती. पण मग आईने यंत्र आणलं. त्यात काच ठेवली, बटण दाबलं, की कड घासून काच बाहेर. गिऱ्हाइकं आईच्या टेबलाकडे वळली. आजोबांचं चाक कोपऱ्यात गेलं आणि जाड काचेची सवय न सुटलेल्या चार-दोन म्हाताऱ्यांपुरतंच फिरू लागलं.

त्या चाकाशेजारच्या स्टुलावर मात्र एक गिऱ्हाईक रोज सकाळी हक्काने येऊन बसायचं. बोका. त्याच्या जातीचे डोळे जरा पाझरतेच, त्यात डावा जास्त. आजोबा खांद्यावरचं कापड ओढून घेत. ते धुवून धुवून सायीसारखं मऊ झालेलं होतं. डाव्या हाताने हनुवटी धरायची आणि आतल्या कोपऱ्यापासून बाहेरपर्यंत एकच हात फिरवायचा. बोका डोळे घट्ट मिटून घ्यायचा.

"बघ, कसा लाडात आलाय," आजोबा म्हणत. "झाले डोळे आरसा! चला, पुढचं गिऱ्हाईक."

पुढचं गिऱ्हाईक नसायचं. पण ते म्हणायचे.

मग कधीतरी डाव्या डोळ्यातलं पाणी चिकट झालं. आधी पिवळसर, मग हिरवट. सकाळी पापण्या एकमेकींना चिकटलेल्या असायच्या. बोका पंजाने डोळा चोळी, स्टुलाच्या पायाला गाल घाशी. आजोबांनी पुसणं वाढवलं. सकाळी, जेवणानंतर, दिवा लावायच्या वेळी.

"अहो आजोबा, डॉक्टरांना दाखवू या का एकदा?" आईने विचारलं.

"डोळ्यांचं मला सांगतेस?" आजोबा चाकावरून मान वर न करता म्हणाले. "हयात गेली माझी डोळ्यांच्या धंद्यात."

"धंदा चष्म्याचा हो. डोळ्यांचा नाही."

 आजोबांनी चाक जरा जोरात फिरवलं. आईने जीभ चावली, पण शब्द तोंडातून सुटला तो सुटला.

एके दिवशी टकळी शाळेतून आली, तर बोका दाराशी आला नाही. तो स्टुलाखाली तोंड भिंतीकडे करून बसला होता. तिने त्याला ओढून उजेडात आणलं. डावा डोळा उघडतच नव्हता. तिने हळूच पापणी वर केली. बुबुळावर काचेवर वाफ धरल्यासारखं निळसर धुकं पसरलं होतं.

"मी याला डॉक्टरकडे नेते," ती म्हणाली. "आत्ता. आणि यावर चर्चा नाही!"

चर्चा होईल म्हणून तिने तीन मुद्दे तयार ठेवले होते. पण आजोबांनी बोक्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. मग खांद्यावरचं कापड काढून, नीट घडी घालून, त्यांनी ते तिच्या दप्तरात कोंबलं.

"वाटेत पाणी आलं तर याने पूस. तुझा तो शाळेचा रुमाल लावू नकोस त्याच्या डोळ्याला. सतरंजीसारखा खरखरीत आहे."

जनावरांच्या दवाखान्यात फिनेलचा वास होता आणि बाकावर एक मांजर टोपलीत बसून सगळ्यांना शिव्या घालत होतं. मदतनीसाने आतून हाक दिली, "बोका कोण? बोक्याला आणा!" टोपलीवाल्या बाई उठल्या. टकळीही उठली.

"अगं, बोका म्हणाले ते," बाई म्हणाल्या.

"हाच बोका आहे."

बाईंनी बोक्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बरं बाई," म्हणून त्या खाली बसल्या. एरवी टकळीने त्यांना नावाचा सगळा इतिहास ऐकवला असता. आज तिला हसूही आलं नाही.

डॉक्टर चणीने बारीक होत्या आणि बोलायच्या हळू. त्यांनी आधी डोळा बधिर करणारा थेंब टाकला. मग केशरी टोकाची एक कागदी पट्टी ओली करून पापणीला टेकवली, डोळा स्वच्छ पाण्याने धुतला आणि खोलीतला दिवा घालवला. हातातल्या छोट्या निळ्या दिव्याच्या उजेडात बोक्याचा डोळा उजळला, आणि त्याच्यावर हिरव्या रेघा दिसल्या. बारीक, केसासारख्या. एक नाही, कितीतरी. मध्यभागी त्या एकमेकींत मिसळून एक हिरवा खळगा झाला होता.

"जिथे जखम असते तिथेच हा रंग धरतो," डॉक्टर म्हणाल्या. "भांडणात नख लागलं तर एकच ओरखडा असतो. हे तसं नाही. सगळे ओरखडे एकाच दिशेने आहेत, बघ. आतल्या कोपऱ्याकडून बाहेर." त्यांनी दिवा लावला. "याचे डोळे कशाने पुसता?"

टकळीने दप्तरातून कापड काढलं. "याने. खूप मऊ आहे हो. आजोबांचं आहे, चष्म्याच्या दुकानातलं…"

आणि तिचं तोंड तिथेच थांबलं.

ती लहान असताना, मदत करायच्या उत्साहात तिने तयार चष्म्याची काच आजोबांच्या खांद्यावरच्या कापडाने पुसली होती. आयुष्यात पहिल्यांदा आजोबा तिच्यावर ओरडले होते. 'हे कडेचं कापड आहे! घासलेली कड पुसायची याने. काच नाही पुसायची, कधी नाही! यात दगडाची भुकटी असते, धुतलं तरी निघत नाही.' तयार काचांसाठी खणात वेगळं, नवं कापड असायचं. दुकानाचा पहिला नियम होता तो, आणि तो आजोबांनीच तिला शिकवला होता.

डॉक्टरांनी कापड दिव्याखाली धरून तिरकं केलं. विणीत कुठे कुठे चमचम झाली, अगदी बारीक.

"पुसणं आज, आत्ता थांबायला हवं," डॉक्टर म्हणाल्या. "जखम खोल गेली तर डोळा फुटू शकतो. मग काढावाच लागतो. हे थेंब वेळच्या वेळी पडले पाहिजेत. घाण आली तर उकळून गार केलेलं पाणी आणि कापसाचा बोळा, एका डोळ्याला एकच, वापरला की फेकायचा. डोळ्यावर घासायचं नाही. बाहेरून भिजवायचं आणि टिपायचं. आणि घरात कुणाचे माणसांचे उरलेले थेंब असतील तर ते चुकूनही नाही."

"वाचेल ना डोळा?"

"आज नाही सांगता येणार, बाळा."

टकळी बोक्याला घेऊन परत निघाली. डोळा चोळू नये म्हणून बोक्याच्या गळ्यात प्लास्टिकचं मोठं नरसाळं घातलेलं होतं, ते दर पावलाला कशाला तरी आपटायचं आणि तो गोंधळून थांबायचा. तीही थांबायची. जंतू झाले होते म्हणून सांगावं का? कापड वाटेतल्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं की झालं. तिने हात दप्तरात घातलासुद्धा. पण खांद्यावर उद्या दुसरं कापड असणार, तितकंच मऊ. आणि आजोबांचा हात तसाच मायेने फिरणार. खोटं बोलून आजोबा वाचतील, पण बोक्याचा डोळा जाईल. आणि खरं बोललं तर? चाक कोपऱ्यात गेल्यापासून त्या हातांनी सांभाळलेले डोळे ते हे दोनच होते.

स्पर्धेत तिला समोरच्याला निरुत्तर कसं करायचं ते शिकवलं होतं. हे कसं बोलायचं ते कुणी शिकवलं नव्हतं.

आजोबा चाकापाशीच होते. "काय म्हणाली तुझी डॉक्टर? आणि हे काय भोंग्यासारखं घातलंय त्याला?"

तिने कापड त्यांच्यासमोर ठेवलं. "आजोबा, हे कडेचं कापड आहे."

"मग? माझंच आहे."

"त्याच्या डोळ्यावर ओरखडे आहेत. खूप. एकाच दिशेने." तिने कापडावर बोट ठेवलं. "कडेच्या कापडाने काच पुसायची नाही, तुम्हीच म्हणता ना."

"काहीतरीच बोलू नकोस!" आजोबांचा आवाज चढला. "लोणी आहे लोणी, हात लावून बघ! त्याला टोचू नये म्हणून तर नवं घेतलं नाही मी. चार बुकं शिकली की आजोबांना अक्कल शिकवायची, काय?"

आई टेबलामागून उठली, पण मध्ये पडली नाही. टकळीच्या डोळ्यांत पाणी होतं. तरी ती जागची हलली नाही.

 आजोबांनी खणातून प्लास्टिकची एक कोरी काच काढली. कापड बोटाला गुंडाळलं आणि काचेवर हात फिरवला, रोज फिरवायचे तसाच, एका कडेपासून दुसरीपर्यंत. पुन्हा एकदा. पुन्हा एकदा. काच दिव्यासमोर धरली. डोळ्याला भिंग लावलं.

 बोक्याचं नरसाळं स्टुलाला लागून टकटक वाजलं.

आजोबांनी भिंग खाली ठेवलं. ते म्हणाले, "मला वाटायचं, तो लाडाने डोळे मिटतो."

त्यानंतर त्यांनी बोक्याला हात लावला नाही. जेवायलाही उशिरा आले.

थेंब घालायचे होते. टकळीने तयारी मोठ्या धडाक्यात केली आणि बोक्याने ती तितक्याच धडाक्यात हाणून पाडली. बाटली दिसली की तो मान फिरवी. आईने धरला तर निसटला, नरसाळ्याने टेबलावरच्या फ्रेमा पाडल्या, एक थेंब नाकावर, एक टकळीच्या बाहीवर. डोळ्यात एकही नाही. तिसऱ्या खेपेला तर तो गुरगुरला. आजवर तो या घरात कुणावर गुरगुरला नव्हता.

ती आजोबांच्या खोलीत गेली. ते खाटेवर बसले होते, हात मांडीवर उताणे ठेवून.

"आजोबा, या ना. आम्हाला जमत नाहीये."

"माझे हात नकोत त्याला."

"तुमचेच हवेत! माझा हात हलतो. आईचा हलतो. तुमचा नाही हलत. थेंब नाही पडले तर डोळा काढावा लागेल, आजोबा. मग तुम्ही असंच बसणार का?" एवढं बोलून तिला धाप लागली. यात तिच्या त्या तीन मुद्द्यांतला एकही मुद्दा नव्हता.

आजोबा उठले. दुकानाचा सदरा काढून त्यांनी खुंटीला टांगला. नळाखाली साबणाने हात धुतले, कोपरापर्यंत, नखांच्या कडा दुसऱ्या हाताच्या नखांनी खरवडून. पुसले नाहीत. तसेच वाळू दिले.

मग ते बोक्यासमोर जमिनीवर बसले. बोका मागे सरकला, भिंतीला टेकेपर्यंत. आजोबांचा चेहरा त्या वेळी टकळीला बघवला नाही. त्यांनी दोन्ही तळवे पुढे केले, उघडे, रिकामे, आणि नुसते धरून ठेवले.  घड्याळाचा आवाज ऐकू येत होता. बोक्याने नरसाळ्यातून मान लांब केली, एक तळवा हुंगला, मग दुसरा. बोटांच्या मधल्या जागासुद्धा हुंगल्या. कापड सापडलं नाही, तेव्हा त्याने हनुवटी त्या तळव्यांवर टेकवली.

"आता," आजोबा कुजबुजले. "मागून ये. वरून सोड. बाटली त्याला दिसू देऊ नकोस."

थेंब बरोबर डोळ्यात पडला.

फेरतपासणीला आजोबा स्वतः गेले, आपलं भिंग खिशात घालून. निळा दिवा लागला तेव्हा डॉक्टरांनी त्यांना जागा करून दिली. रेघा गेल्या होत्या. मधला खळगा मुगाच्या दाण्याएवढा उरला होता.

"भरतोय," आजोबा म्हणाले.

"हो. डोळा वाचला. पण पांढरा डाग राहील. त्या बाजूने थोडं धुरकट दिसेल त्याला, कायमचं."

"काच असती तर बदलून दिली असती," आजोबा म्हणाले.  टकळीने त्यांचा हात धरला.

आता चाकाशेजारचं स्टूल आईच्या टेबलाजवळ असतं, भुकटी उडत नाही तिथे. शेजारी झाकणाचा डबा, त्यात कापसाचे बोळे. सकाळी बोका चढून बसतो. आजोबा हात धुऊन येतात आणि आधी दोन्ही तळवे त्याच्यासमोर उघडे धरतात. रोज. बोक्याला आता त्याची गरज नाही, असं टकळीने त्यांना सांगून पाहिलं.

"त्याला नसेल," आजोबा म्हणाले.

बोका तळवे हुंगतो, हनुवटी ठेवतो. बोळा भिजतो, कोपरा टिपला जातो. आणि या सगळ्या वेळात त्याचे दोन्ही डोळे, एक काळा आणि एक ढगाळ, उघडे असतात.