चौथ्या चौकोनातली शिवू

हंबीररावांनी ती अट जेवता जेवता घातली.

"यात्रंत आपल्या पोरींच्या खो-खोत एक गडी कमी पडतोय म्हणं. शिवूला बसवा. चारचौघांत नीट वागली तर ऱ्हाऊ दे घरात. तमाशा केला, तर सांगलीच्या वसतिगृहात. मी बोलून ठिवलंय तितं."

ते संयोगिताचे थोरले दीर. घर त्यांचं, ऊस त्यांचा, आष्ट्याच्या वाटेवरची शाळाही त्यांच्याच संस्थेची. आमटी वाढणारा तिचा हात तसाच राहिला.

"भावजी, तितं भेटाय कवा देत्यात?"

"सवय लागंस्तवर न्हाई. आई दिसली की पोरं बिघडत्यात म्हणं."

शिवांजली उंबऱ्याशी बसून शेंगदाणे लहान-मोठे असे ओळीनं मांडत होती. अकरा वर्षांची. सांगलीच्या डॉक्टरांनी 'स्वमग्न' हा शब्द सांगितला होता. गावानं त्याच्या आधीच आपला शब्द ठरवून टाकला होता. बाप सैन्यात. फोनवर तो एवढंच म्हणाला, "दादा करत्याल ते इचार करूनच करत्याल." मग रेंज गेली की त्यानंच फोन ठेवला, हे संयोगितानं देवावर सोडलं.

खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाच्या आठ पोरी एका रांगेत आपापल्या चौकोनात उकिडव्या बसतात, एकीचं तोंड इकडं तर दुसरीचं तिकडं. नववी पळते. तिनं मागून येऊन पाठीला हात लावून 'खो' म्हटलं, की मगच बसलेलीनं उठायचं. आधी उठली तर फाऊल.

शिवूला पाठीवर हात खपायचा नाही. संध्याकाळी तुळशीपुढं दिवा लावून झाला की संयोगिता तिला अंगणात बसवायची. हळू हात लावला की पोर किंचाळायची, जसा काही निखारा ठेवला. शेजारच्या बायका भिंतीवरून डोकावून जायच्या. एकदा संयोगिताचाही धीर सुटला आणि तिनं सगळा तळहात दाबून ठेवला. शिवू गप्प झाली. "खो," म्हटल्यावर उठली आणि सरळ गोठ्यापर्यंत पळत गेली. संयोगितानं दिव्याला पुन्हा एकदा हात जोडले.

मग मैदानावर जाऊन ती एकेका पोरीला सांगत सुटली, "हळू लावू नगा गं. दाबून लावा."

"म्हंजे म्हशीला थाप मारत्यात तशी का, काकी?" रेश्मानं विचारलं. ती संघाची कर्णधार, हंबीररावांची लेक. पोरी फिदीफिदी हसल्या. संयोगिताही हसली. हसून घेतलं की पोरी ऐकतात, एवढं तिला कळलं होतं.

संघाला शिकवणाऱ्या तानाजी सरांना मात्र नवल वाटलं. बाकीच्या पोरी घाईनं अर्ध्या उठायच्या, ही दगडासारखी बसून राहायची आणि खो मिळाला की बाणासारखी सुटायची. "बघा गं हिच्याकडं," सर ओरडायचे, "एक फाऊल न्हाई!" किराणा दुकानवाल्यांची अर्शिया तिला सगळ्यांत जास्त खो द्यायची, चांगला दाबून. एकदा सरावात दोन संघ पाडले, तेव्हा शिवूनं खुद्द रेश्माला गाठून बाद केलं. रेश्मा तोंडावर पडली. पोरींनी टाळ्या वाजवल्या. उठून फ्रॉकची माती झटकताना रेश्मा कुणाकडंच बघत नव्हती.

यात्रेच्या दिवशी संयोगितानं सामना होईपर्यंत पाणी घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. मैदानाभोवती माणूस माणसाला लागलं होतं. खो-खो झाल्यावर तिथंच कुस्त्या व्हायच्या होत्या. इस्लामपूरचा संघ आला होता आणि जिल्ह्याच्या संघासाठी पोरी निवडणारी दोन माणसंही खुर्च्यांवर बसली होती. संयोगिता शिवूच्या केसांना घट्ट रिबिन बांधत होती, तेव्हा पाण्याच्या पिंपाआडून रेश्माचा आवाज आला.

"चार नंबरला खो द्यायचा न्हाई. कुणीच."

"का गं? लय पळती की ती," अर्शिया म्हणाली.

"पळू दे न्हाई तर उडू दे. तिनं गडी मारलं तर नाव तिचं व्हईल. येडीच्या मागं उभं ऱ्हाऊन फोटू काढायचाय तुला? आन अर्शे, तुज्या अब्बाचं दुकान कुणाच्या गाळ्यात हाय, इचार घरी जाऊन."

अर्शियानं तोंडाला लावलेला पेला तसाच खाली ठेवला.

संयोगिता धावत सरांकडं गेली. "सर, पोरी शिवूला खो देणार न्हाईत. आता माज्या कानांनी ऐकलं."

सरांनी ओठांतली शिट्टी काढली. "वैनी, नियमात बसतंय ते. खो कुणाला द्यायचा ते पळणारीनं ठरवायचं."

"तुमी सांगितलं तर ऐकत्याल की. आवं, तिला वसतिगृहात टाकणार हायत."

सरांनी समोर, मांडवातल्या हंबीररावांच्या मोठ्या खुर्चीकडं पाहिलं. "मी बी त्यांच्याच शाळंत नोकरी करतो, वैनी," असं म्हणून ते रेषा बघायला निघून गेले.

इस्लामपूरचा पाठलाग आधी झाला, मग आपल्या पोरी पाठलागाला बसल्या. शिवू चौथ्या चौकोनात, पाठ ताठ, नजर समोरच्या रेषेवर. रेश्मा तिच्या मागून गेली. सहावीला खो मिळाला. नंतर खो मिळालेली पाचवी तिच्या मागून गेली. दुसरीला खो मिळाला. प्रत्येक वेळी पावलं जवळ आली की शिवूचे खांदे थोडे वर यायचे आणि पावलं गेली की पुन्हा खाली.

इस्लामपूरच्या पोरी हुशार. चौथ्या चौकोनातली उठतच नाही, हे त्यांनी लगेच हेरलं. मग त्या तिच्याच शेजारून रांग ओलांडायला लागल्या, तिच्या तोंडासमोर जाऊन उभ्या राहायला लागल्या. एकीनं तर तिला जीभ दाखवली. हात पुढं केला असता तर सापडली असती. पण शिवूला खो नव्हता. लोक हसायला लागले.

"आरं, त्यो खांब मधी कुणी रवलाय रं?"

"देवीचा आसंल, हळद-कुकू लावा!"

शेवटी शेवटी अर्शिया दमून तिच्या मागं आली. तिचा हात वर गेला. तो हात शिवूच्या पाठीवरून, न लागता, पुढं गेला आणि अर्शिया रडत रडत पुढच्या चौकोनाकडं पळाली.

आपल्या पोरी एका गुणानं हरल्या. शिट्टी झाली, पोरी उठल्या. "चार नंबरामुळं घालवला सामना," रेश्मा मोठ्यानं म्हणाली, आणि ते मांडवापर्यंत पोहोचलं.

शिवू उठली नाही.

सरावात डाव संपायच्या आत तिला खो मिळायचाच. खो न मिळताही डाव संपतो, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. संयोगितानंही नाही.

"शिवू, ऊठ बाळा. संपलं."

"खो न्हाई मिळाला."

संयोगितानं मागं जाऊन तळहात टेकवला, चांगला दाबला. "खो."

"तू संघात न्हाईस, मम्मी," शिवू समोर बघतच म्हणाली.

हलगी वाजायला लागली होती. पैलवान कडेला अंगाला माती चोळत उभे होते. गर्दीतून शेंगांची टरफलं येऊन शिवूच्या डोक्यावर पडायला लागली. मोबाइल वर झाले. हंबीरराव मांडवातून उतरले आणि तिचा दंड धरून ओढायला लागले. शिवूनं अशी किंकाळी फोडली की हलगी थांबली. तिनं त्यांच्या मनगटाला चावाही घेतला. सगळ्या गावानं पाहिलं.

हंबीररावांनी शांतपणे रुमालानं हात पुसला. "झालं? बघितलंस न्हवं, संयोगिता?"

"भावजी, तिची चूक न्हाई. तिला खोच दिला न्हाई पोरींनी. रेश्माला इचारा."

"आता पोरीवर ढकल माज्या." त्यांनी रेश्माला हाक मारली. "तुज्या खोनं उठंल का गं ही?"

"उठंल की."

"मग उठीव. आन जीपकडं धाड."

संयोगितानं रेश्माचा हात धरला. "रेश्मा, आई माजी, तुज्या पाया पडते. घराच्या वाटंकडं दाव तिला. जीपकडं नगं."

रेश्मानं हात सोडवून घेतला. चौथ्या चौकोनामागं जाऊन तिनं शिवूच्या पाठीत फाडकन थाप मारली. "खो!"

शिवू सुटली. रेश्माचं बोट जीपकडं होतं आणि शिवू त्या बोटाच्या रेषेत पळाली, मान खाली, केसांची रिबिन सुटलेली, इतकी जोरात की निवडणारी ती दोन माणसं खुर्चीतून उठून बघायला लागली. लोकांनी शिट्ट्या मारल्या, टाळ्यांचा कडकडाट झाला. जीपला हात लावून ती थांबली. ड्रायव्हरनं मागचं दार उघडलं. ती आत बसली. दार लागलं.

संयोगिता पोहोचली तेव्हा कडी आतून लावलेली होती.

"तू घरी जा," हंबीरराव पुढं बसत म्हणाले. "कापडं धाड कुणासंगं तरी." आणि कानाला फोन लावला. "हां, नमस्कार. आजच आणतोय. न्हाई न्हाई, तरास काय न्हाई तिचा. तिला धराय माणूस बघून ठिवा फकस्त."

काचेच्या आत शिवूचा चेहरा घामानं निथळत होता. पाठीवरच्या थापेनं डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती हसत होती. असं हसताना संयोगितानं तिला क्वचितच पाहिलं होतं.

"मम्मी, रेश्मादीदीनं खो दिला. बघितलंस?"

"बघितलं," संयोगिता म्हणाली.

जीप सुरू झाली. मागं पहिल्या कुस्तीची सलामी झडली आणि गर्दी तिकडं वळली.