सप्टेंबरची बोट

सूरजबाईंनी आयुष्यात पाहिलेलं सगळ्यांत मोठं पाणी म्हणजे मेहरूणचा तलाव, आणि तोही उन्हाळ्यात आक्रसून जाणारा. मुंबईला त्या दोनदा गेल्या होत्या, दोन्ही वेळा लग्नाला, आणि दोन्ही वेळा प्रेमचंदशेठ म्हणाले होते, "समुद्र काय पळून चाललाय? पुढच्या खेपेला बघू." म्हणून पंच्याण्णव साली मोटारपंपाच्या कंपनीनं जास्त माल खपवणाऱ्या डीलरांना दोघादोघांची बोटीची सहल जाहीर केली, तीही थेट अमेरिकेपलीकडच्या कॅरिबियन बेटांची, आणि त्यात जळगावच्या प्रेमचंदशेठांचं नाव निघालं, तेव्हा बाईंना आधी खरंच वाटेना.

प्रेमचंदशेठ तसे वाईट माणूस नाहीत, असं नवी पेठेत आजही म्हणतात. म्हणोत बापडे. म्हणणाऱ्यांपैकी कुणालाच त्यांच्याबरोबर संसार करायचा नव्हता.

सहलीची घोषणा नाशिकच्या एका मोठ्या हॉटेलात झाली होती. डीलरांच्या बायका आल्या होत्या, सूरजबाईही गेल्या होत्या. कार्यक्रम लांबला, जेवण लागलं तेव्हा सूर्य मावळून गेला होता, आणि दिवेलागणीनंतर बाई पाण्याचा थेंबही तोंडात घालत नसत. त्या रिकामी ताटली मांडीवर घेऊन बसल्या. कुणी इंग्रजीत विचारपूस केली, तिला हसून मान हलवली. परतताना गाडीत शेठ एक शब्द बोलले नाहीत. दमले असतील, असं समजून बाईंनी त्यांच्या अंगावर शाल टाकली.

पण घरी आल्यावर तयारीला असा जोर चढला की विचारू नका. पासपोर्टसाठी फोटो काढून झाला. पुण्यात शिकणाऱ्या मुलाचं जुनं भूगोलाचं पुस्तक माळ्यावरून खाली आलं. दोन खंडांच्या मधे शिंतोडे उडाल्यासारखी ती बेटं बाईंनी बोटानं दाखवली, आणि धुणंभांडी करणारी बेबाबाई पदराला हात पुसत वाकून बघू लागली.

"ताई, तठे बठ्ठं पाणीच शे का?"

"सगळं पाणीच."

"आन् वावधन उनं म्हंजे?"

बेबाबाई अमळनेरकडची. तिकडे उन्हाळ्याच्या अखेरीला येणाऱ्या सोसाट्याच्या वाऱ्याला वावधन म्हणतात, आणि त्यानं घरांवरचे पत्रे उडालेले तिनं पाहिले होते.

उत्तर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मिळालं. विम्याचा एजंट शालिग्राम, घरातल्या सगळ्यांचे विमे त्याच्याकडेच, आमरस खायला आला होता. परदेशी जाणाऱ्यांचा वेगळा विमा असतो, हे त्यानं दुसऱ्या वाटीला समजावून सांगितलं. तिसऱ्या वाटीला बाईंनी बेबाबाईचा प्रश्न त्याच्यापुढे ठेवला.

"भाभी, तिकडे आजारी पडलात, हाड मोडलं, बॅग हरवली, तर कंपनी बघते," शालिग्राम म्हणाला. "वादळाचं मात्र कुणी बघत नाही. बोट वाट बदलते, ठरलेलं बेट राहून जातं, त्याचा पैसा कुणी देत नाही. अन् जूनपासून नोव्हेंबरपर्यंत तिकडे वादळांचाच हंगाम."

"म्हणून तर आपण जानेवारीत जायचं," शेठ म्हणाले. "कंपनीच्या दोन तुकड्या आहेत. एक सप्टेंबरात, एक जानेवारीत. सप्टेंबरात तुला घेऊन जाऊ का मी? मला काय वेड लागलंय?"

बाईंना ते फार आवडलं. इतक्या वर्षांत आपल्या जिवाची काळजी त्यांनी चारचौघांत बोलून दाखवल्याचं त्यांना आठवत नव्हतं. मग शेठ शालिग्रामला सोडायला फाटकापर्यंत गेले आणि बराच वेळ तिथंच बोलत उभे राहिले. बाई ओसरीतून बघत होत्या. नवऱ्याला आपली केवढी फिकीर, असंच त्या उन्हात त्यांना वाटत राहिलं.

त्यांनी बोटीवरचं सगळं मनात मांडून ठेवलं. खाखरे किती न्यायचे, पाणी गाळायचं फडकं कोणत्या पिशवीत ठेवायचं, तिथं सूर्य किती वाजता मावळतो. जेवण तर दिवसाउजेडी उरकायचं आणि मग कठड्याशी उभं राहून नुसतं पाणी बघायचं. आपल्या वाटणीचं एवढं सुख अजून शिल्लक होतं, याचं त्यांना नवल वाटे.

आषाढ आला. चातुर्मासासाठी महासतीजी, म्हणजे जैन साध्वी, गावातल्या स्थानकात, समाजाच्या उपासनेच्या जागी, येऊन उतरल्या. चौदसच्या दिवशी सकाळी शेठांनी चहाची बशी खाली ठेवली आणि आपणहून विषय काढला.

"चातुर्मासभर गाव सोडायचं नाही, असा नियम घ्यायची तुझी किती वर्षांची इच्छा आहे. दरवर्षी माझ्याच कुठल्या तरी कामापायी राहून जातं. या वर्षी घेऊन टाक. आपली बोट तर जानेवारीत आहे."

बायकोनं नियम घेतला की तिच्या उपासांपायी दुकानात पाठवायचं जेवण लांबतं, अशी एरवी त्यांची कुरकुर असायची. त्या दिवशी शेठ कोरं धोतर नेसून स्वतः स्थानकात आले. बाई बायकांच्या बाजूला हात जोडून उभ्या राहिल्या. महासतीजींनी विचारलं, घरच्यांची आज्ञा आहे ना? पुरुषांच्या बाजूनं शेठांचा आवाज आला, "आहे महाराजसाहेब. मी हिच्या पाठीशी आहे."

स्थानकभर कौतुकाची कुजबूज झाली. महासतीजींनी पच्चखाण, म्हणजे नियमाची शपथ, दिलं. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत जळगावची शीव ओलांडायची नाही, हा नियम सूरजबाईंनी सगळ्या गावासमोर घेतला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. घरी येऊन त्यांनी लापशी केली आणि शेजारपाजारी वाटली. लग्नाच्या दिवसानंतर एवढा चांगला दिवस आपल्या नशिबी आला नव्हता, असं त्या मोहनबाईंना, म्हणजे शेजारणीला, म्हणाल्यासुद्धा.

श्रावणात एका दुपारी शेठ तोंड उतरवून घरी आले. जानेवारीची तुकडी रद्द झाली, असं त्यांनी सांगितलं. आता एकच बोट, सप्टेंबरची, पर्युषणाच्या शेवटची संवत्सरी झाली की लगेच निघायचं. डोकं हातात धरून ते पलंगावर बसले.

"जाऊ दे. मीही जात नाही," ते म्हणाले.

नियम तर मोडायचा नव्हता. उलट बाईच नवऱ्याची समजूत काढू लागल्या. तुमच्या कष्टाचं फळ आहे, तुम्ही का सोडता? माझ्या जागी दुसरं नाव घालता येत असेल तर घाला.

"एवढ्या घाईत कोण येणार?" असं म्हणून शेठ गप्प राहिले. गप्पच राहिले.

"धुळ्याच्या निर्मलकुमारांना विचारा ना. त्यांचा पासपोर्टही आहे."

निर्मलकुमार बियाण्यांचे व्यापारी, शेठांचे जिवलग मित्र, पत्त्यांच्या डावातले भिडू. शेठांनी मान वर केली. "बघतो. तू म्हणतेस म्हणून."

रात्री बाई उशीत तोंड खुपसून थोडं रडल्या, आणि सकाळी उठून खाखऱ्यांचं पीठ मळायला बसल्या. खाखरे आता निर्मलकुमार खाणार होते.

पर्युषण सुरू झालं. दुपारच्या वेळी शालिग्राम विम्याचे कागद घेऊन आला. शेठ दुकानात होते. बाईंनी चहा केला, पाहुण्यांच्या निळ्या कपबशीत. सहाच्या पाच उरल्या होत्या. एक मांजरानं फोडली होती.

"भाभी, तुमच्या निश्चयाला माझा नमस्कार," शालिग्राम फुंकर मारत म्हणाला. "अशी सहल कोण सोडतं? मला तर आखाजीलाच नवल वाटलं. फाटकाशी शेठ म्हणाले, आम्ही सप्टेंबरचीच बोट घेतोय. हिचा चातुर्मासाचा नियम आहे, ही येणार नाही, दुसरं नाव निर्मलशेठचं धर. मी म्हटलं, शेठ, आत तर तुम्ही जानेवारी म्हणालात. तर म्हणाले, तिच्या जिवाला हुरहूर नको."

"आखाजीला?"

"आखाजीलाच. आमरस खाऊन निघालो तेव्हा."

तो सरळ माणूस. चहा संपवून कागद ठेवून तो निघून गेला.

सूरजबाई तिथंच बसून राहिल्या. आखाजी वैशाखात. नियम आषाढात. जो नियम त्यांनी स्वतः तोवर घेतलाच नव्हता, तो नवऱ्यानं त्यांच्या नावावर आधीच लावून टाकला होता. मग कोरं धोतर नेसून स्थानकात येऊन तो त्यांच्याकडून वदवून घेतला होता. नाशिकची रिकामी ताटली त्यांना आठवली, गाडीतलं ते न बोलणं आठवलं, आणि त्यावर आपण टाकलेली शालही आठवली. नको होते मी, तर नको म्हणायचं होतं. नवऱ्याला आपली लाज वाटते, हे बाईंनी गिळलं असतं, बायका गिळतात. पण शेठांनी महासतीजींना मधे घातलं. स्थानकात वाहिलेलं ते पाणी, ती लापशी, तो चांगला दिवस, सगळं नासवलं. आणि निर्मलकुमारांचं नाव तर माझ्याच तोंडून काढून घेतलं. या शेवटच्या गोष्टीनं त्यांच्या अंगाची लाही लाही झाली. डोळे मात्र कोरडेच राहिले.

त्या कांदा-लसूण नसलेलं जेवण वाढत राहिल्या, शेठांच्या सदऱ्यांना इस्त्री करून घेत राहिल्या. गंमत अशी झाली की आता शेठांनाच धास्ती बसली. टीव्हीवरच्या बातम्यांत तिकडच्या एका बेटावर वादळ झाल्याचं दाखवलं. छपरं उडाली होती, होड्या रस्त्यावर येऊन पडल्या होत्या. शेठांचा घास हातातच राहिला. जेवण टाकून त्यांनी शालिग्रामला फोन लावला, वादळाचं काही करता येईल का म्हणून. उत्तर आखाजीचंच मिळालं. बायकोला भुलवायला वापरलेलं वादळ खरोखरच निघालं होतं.

संवत्सरीचा उपास झाला, प्रतिक्रमण झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी, रिवाजाप्रमाणे, सगळ्यांनी सगळ्यांची क्षमा मागायची. वर्षभराचं मनातलं काढून टाकायचं, तरच पुढचं वर्ष हलकं जातं. शेठ पहाटेच बाहेर पडले. शेजारी, व्याही, दुकानातली माणसं, चार वर्षं ज्यांच्याशी बोलणं बंद होतं तो समोरचा कापडवाला, सगळ्यांपुढे त्यांनी हात जोडले. समुद्रावर जायच्या आधी त्यांना कुणाचं काही बाकी ठेवायचं नव्हतं. मग घरी आले. दारात गाडी उभी होती. धुळ्याला निर्मलकुमारांना घेऊन तसंच मुंबईला जायचं होतं.

सूरजबाईंनी आधी आपलं कर्तव्य केलं. वाकून म्हणाल्या, "मिच्छामि दुक्कडम्."

"मिच्छामि दुक्कडम्," शेठांनीही हात जोडले, आणि बॅगेकडे वळले.

"कशाबद्दल?"

"म्हणजे?"

"क्षमा कशाबद्दल मागताय?"

"अगं, वर्षभरात जाणता-अजाणता काही झालं असेल त्याबद्दल. दरवर्षी म्हणतो तेच."

"अजाणता झालं त्याची क्षमा केली," बाई म्हणाल्या. "जाणून केलेलं तुम्ही बोला. मग त्याचीही करते."

शेठांचे जोडलेले हात तसेच राहिले. "तुला कुणी काही सांगितलं का?"

"मी तुम्हाला विचारतेय."

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. शेठ दोन पावलं जवळ आले, आवाज खाली आणला. "सूरज, नाशिकला तुझी किती कुचंबणा झाली ते मी पाहिलं होतं. बोटीवर तर आठ दिवस तसंच. तुझ्याच भल्याचं बघितलं मी."

"भलं केलं असेल तर क्षमा कशाला मागता?"

शेठ घाबरले होते, आणि ते चेहऱ्यावर दिसत होतं. एरवी अशा चेहऱ्यापुढे सूरजबाई विरघळल्या असत्या. आजही त्या वाट बघत होत्या. खोटं बोललो, एवढंच म्हणाले असते तर त्यांनी त्यांच्या कपाळाला कुंकू लावून पाठवलं असतं. वर पिशवीत आणखी खाखरे भरले असते.

"समुद्रावर जातोय मी," शेठ म्हणाले. "असं मनात ठेवून पाठवू नकोस."

"मी माझ्या मनातलं बोलले. तुमच्या मनातलं तुमच्याबरोबर चाललंय."

दुसरा हॉर्न झाला. शेठांनी बॅग उचलली, उंबऱ्याशी क्षणभर थांबले, वळून बघितलं, ओठ हलले. मग चपला घातल्या आणि गाडीत जाऊन बसले.

बाई स्वयंपाकघरात आल्या. पारण्यासाठी मुगाचं पाणी उकळत होतं. मागच्या दारानं बेबाबाई आली. या घरात इतकी वर्षं काम करून तिलाही आजचा दिवस ठाऊक होता. भांड्यांकडे न जाता ती बाईंसमोर येऊन उभी राहिली. तिनं हात जोडले. तो अवघड शब्द तिला कधीच म्हणता येत नसे.

"माफ करा ताई," ती म्हणाली. "ती निळी कपबशी मीच फोडी व्हती. मांजरवर नाव मीच टाकं."

सूरजबाईंनी बेबाबाईचे जोडलेले ओले हात आपल्या हातांत धरले, आणि आखाजीपासूनचं सगळं रडू त्यांना तिथं, चुलीपुढे, एकदम आलं. बेबाबाई गोंधळून म्हणत होती, ताई, एक कपबशीच व्हती, एक कपबशीच.