शेपटाकडचा माणूस

शंकरचा उजवा कान अख्ख्या देवबागला ठाऊक होता. घोळ मासा पाण्याखाली घुरघुरतो. होडीचं इंजिन बंद करायचं, वल्हं पाण्यात उभं सोडायचं आणि त्याच्या वरच्या टोकाला कान लावायचा. शंकर "आसा" म्हणाला की जाळं पडायचं, "नाय" म्हणाला की होडी पुढे.

२००७ साली किनाऱ्यावरच्या रिसॉर्टचे मालक भाई यांनी पाहुण्यांना फिरवायला दोघं बसतील असं छोटं विमान आणलं आणि शंकरला हाताशी घेतलं. इंजिन तापेपर्यंत विमानाचं शेपूट घट्ट धरायचं, भाईंनी हात दाखवला की सोडायचं. पायलट सर्वेशच्या कानांवर इंजिनाचा आवाज अडवणारा जाडजूड हेडसेट, पाहुण्याच्याही. तिसरा शेडमध्ये खिळ्याला लटकत असायचा.

"भाई, तो माका द्या. घराक गेलंय तरी कानात शिटी वाजता."

"तुका कित्याक होयो? तू खंय उडतंस?" भाई हसले आणि त्यांनी कापसाचे दोन बोळे त्याच्या हातावर ठेवले.

सर्वेशने हेडसेट नीट बसवला. त्याला काही ऐकूच आलं नाही.

हिवाळ्यात शंकरने वल्ह्याला कान लावला. होडीत सगळे श्वास रोखून बसले. समुद्र कुठेच नव्हता, नुसती शिटी.

"नाय," तो म्हणाला.

होडी पुढे गेली. मागून आलेल्या होडीने तिथेच जाळं टाकलं आणि घोळांनी भरून नेलं. मेहुणा विठोबा किनाऱ्यावर सगळ्यांदेखत म्हणाला, "शंकराचो कान इमानात बसान गेलो रे!"

सगळे हसले. शंकरच्या अंगाचा तिळपापड झाला, पण राग विठोबावर नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणा विमानात बसला होता. शंकर सरळ शेडमध्ये गेला, खिळ्यावरचा हेडसेट काढून कानांवर चढवला आणि बाहेर आला. खिशातले बोळे त्याने भाईंच्या हातावर ठेवले.

"आज शेपूट तुमी धरा. हात मी दाखवतंय."

भाई काहीबाही बोलले. पाहुणा खोळंबला होता, वाळूवर दुसरं कोणी नव्हतं. शेवटी त्यांनी शेपूट धरलं. सर्वेशने इंजिन सुरू केलं.

भाईंचा चेहरा पिळवटला. त्यांनी मान खांद्यांत घातली. कान झाकायला हात मोकळे नव्हते. सोडलं असतं तर विमान पाहुण्यासकट सुटलं असतं. "शंकर, हात दाखव!" ते ओरडत असावेत.

शंकर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. कानांत नुसती शिटी वाजत होती.

इंजिन अजून तापायचं होतं.