कोपर बुडवून बघ

"मावशी, थांबा!" सिस्टरने टबात हात घातला आणि झटक्यात मागे ओढला. "अहो, केवढं कढत आहे!"

मावशींच्या डाव्या हातावर दोन दिवसांचं बाळ होतं. उजव्या हाताची बोटं अजून पाण्यातच होती. त्यांना ते कोमट लागत होतं.

तीस वर्षं त्या या इस्पितळात बाळांना अंघोळ घालत आल्या होत्या. नव्या मुलींना बजावायच्या, "हात खोटं बोलतो गं, कोपर बुडवून बघ." स्वतः मात्र बोटंच बुडवायच्या. भिंतीवर टांगलेल्या पाण्याच्या तापमापीला तर त्या 'सवत' म्हणायच्या.

साखर वाढली तेव्हा बोटांना मुंग्या यायच्या. पुढे मुंग्या यायच्या थांबल्या, तेव्हा त्यांना बरंच वाटलं होतं.

त्याच दुपारी डॉक्टरांनी मावशींचा हात पुढ्यात घेतला आणि त्यांना डोळे मिटायला लावले. "बोटाला आता काय लावलं?"

"टाचणी."

"आता?"

"कापूस."

"आता काहीच लावलं नव्हतं, मावशी."

मावशींनी डोळे उघडले नाहीत.

"कातडीखाली बारीक राखणदार असतात," डॉक्टर म्हणाले. "कुणी ऊन ओळखतो, कुणी गार, कुणी टोचणं. मज्जातंतूंमधून ते मेंदूला निरोप धाडतात. साखरेनं ते तंतूच झिजवलेत."

"म्हणजे दारात आरडाओरडा, आणि घरात पत्ता नाही?"

"तसंच."

"परत येईल का हो?"

डॉक्टर कागदावर लिहायला लागले.

बाहेर सिस्टर थांबली होती. "मी कुणाला बोलले नाही हं. पाणी मी बघत जाईन, अंघोळ तुम्ही घाला."

"आणि तू रजेवर गेलीस की?"

मावशी स्वतःच मेट्रनकडे गेल्या. "मला कपड्यांच्या खोलीत टाका."

"काहीतरीच! तुमच्याशिवाय पोरं राहतील का?"

"पोरं कुणाकडेही राहतात, बाई. भाजता कामा नयेत."

दुसऱ्या दिवशी त्या कपड्यांच्या खोलीत घड्या घालायला बसल्या. समोर छोट्या टॉवेलांचा ढीग होता. एक उचलला, चाचपला. सुका की दमट, बोटं काही सांगेनात. त्यांनी दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं. मग टॉवेल हळूच गालाला लावला.

दमट होता. उठून त्यांनी तो पुन्हा दोरीवर टाकला.

भिंतीपलीकडे एक बाळ रडायला लागलं. अंघोळीची वेळ झाली होती. मावशी क्षणभर उभ्या राहिल्या. मग खाली बसून त्यांनी पुढचा टॉवेल उचलला आणि गालाला लावला.