फेस लावलेला फुगा

वस्ताद रोज सकाळी सलूनमध्ये एक फुगा फोडायचा. फुग्याला फेस लावायचा आणि वस्तऱ्याने तो उतरवायचा, ही या धंद्यातली पहिली परीक्षा. फुगा वाचला तर माणसाचा गाल हाती मिळतो. मिसरूड फुटायच्या आधी पास झालेला वस्ताद आता केस पिकल्यावर नापास होत होता. मेंदूत गुठळी अडकली, त्यातून पाय सावरला, बोलणं सावरलं, आणि सगळं मार्गी लागलं म्हणेपर्यंत उजवा हात थरथरायला लागला. मांडीवर ठेवला तरी हलायचा. वस्तरा उचलला की मग तर विचारूच नका.

फट्!

"कुणाचा वाढदिवस, भाऊजी?" मेव्हणा दारातून ओरडला.

"तुझ्या अकलेचा. वर्षाची झाली!"

बायको मशीनने केस कापून दुकान चालवत होती. वस्तऱ्याला मात्र ती हात लावत नव्हती. "तो तुमचा," एवढंच म्हणायची.

डॉक्टरीणबाईंनी मेंदूचा फोटो दाखवला. त्यात एक बारका डाग.

"मग काढून टाका की!" वस्ताद भडकला.

"काका, डाग नाही थरथरत. तो ज्या साखळीत बसलाय ती थरथरतेय. मागचा लहान मेंदू, मधलं ठाणं, हात हलवणारा वरचा भाग, हे एकमेकांना निरोप देतात. ते निरोपच गडबडलेत. बाहेर बसलेल्या त्या आजोबांचा डाग भलतीकडेच आहे, पण साखळी तीच."

वस्तादने डोकावून पाहिलं. आजोबांचं पाणी पेल्यातून शर्टावर सांडत होतं. अगदी त्याच्यासारखंच. त्याचा राग कुठल्या कुठे गेला.

"मधल्या ठाण्यात विजेची बारीक तार बसवू, ती निरोप ताळ्यावर आणेल. तुम्हाला जागं ठेवूनच. सगळी थरथर जाईल असं मात्र म्हणत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ऑपरेशनच्या टेबलावर वस्तादने आधी डोकं चाचपलं. "कुणी भादरलंय हे? कानामागे राहिलेत!" सगळे हसले. मग त्याच्या हातात पेन दिलं. आधी नुसत्या वेड्यावाकड्या रेघा. तार चालू केली, आणि पेन गपगुमान गोल फिरलं.

टाके सुकले, तारेला वीज देणारं छातीतलं यंत्र सुरू झालं, वस्ताद दुकानात आला. फेस उतरला. फुगा तसाच. बोटांत बारीक कंप होता, पण फुगा तसाच.

मेव्हणा येऊन खुर्चीत बसला आणि त्याने मान मागे टाकली. बायकोने मशीन बंद करून वस्तरा पुढे केला.

"भाऊजी, जरा बेताने हं."

"तू गप्प बस," वस्ताद म्हणाला. "आणि हलू नकोस."