काशीनाथची चाल

"मी नाही बोलणार. दुसरं कुणी बघा," असे म्हणून काशीनाथरावांनी अडकित्ता उचलला आणि सुपारी कातरायला घेतली.

समोर ओमप्रकाश बसला होता. परभणीच्या एका कॉलेजात तो मराठी शिकवायचा आणि महिन्यातून एकदा जुने सिनेमे दाखवणारे मंडळ चालवायचा.

"काका, असं कसं म्हणायलात? झरीकरांचा सत्कार आपल्या गावात व्हायलाय. त्यांच्यासंगं नाटकात काम केलेलं माणूस तुमच्याशिवाय उरलंय कोण? त्यांनीच नाव घेतलं तुमचं. फोनवर म्हणाले, काशा हाय का अजून? असला तर त्यालाच बोलवा."

'काशा' ऐकताच अडकित्ता थांबला. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला या नावाने हाक मारणारा जगात आता एकच जण उरला होता.

"बोलतील ते," चहा घेऊन आलेल्या प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "पत्रिकेत नाव टाका तुमी. आणि सिनेमा कोणता दाखवायलात?"

"'बोळातलं बिऱ्हाड', काकू."

प्रमोदिनीबाईंच्या सुरकुतलेल्या तोंडावर जे उमटले ते काशीनाथरावांनी बरोबर टिपले. आयुष्यभर ते हेच टिपत आले होते.

व्यंकटराव झरीकर म्हणजे झरीच्या शेतकऱ्याचा पोरगा व्यंकटी. शिकायला परभणीत आला तेव्हा काशीनाथच्या खोलीत राहिला. नाटकाचा नाद त्याला काशीनाथनेच लावला. उत्सवातल्या नाटकात काशीनाथ कायम नायक. व्यंकटी कधी गडी, कधी हमाल, कधी नुसताच पालखीचा भोई. एका वर्षी कोल्हापूरच्या स्टुडिओतला एक माणूस पाहुणा म्हणून गावात आला होता. नाटक सुटल्यावर तो रंगपटात आला आणि काशीनाथला म्हणाला, "तुमचं पाठांतर फार छान आहे." मग कोपऱ्यात तोंडाचा रंग पुसत बसलेल्या गड्याकडे वळून त्याने विचारले, "तू काय करतोस रे?"

त्या दोन वाक्यांत दोघांची आयुष्ये ठरून गेली. व्यंकटी कोल्हापूरला गेला. आधी सेटवरच्या खुर्च्या उचलल्या, मग गर्दीत उभा राहिला, मग नायकाचा मित्र झाला, मग नायक. तिशीत त्याने स्वतः सिनेमा काढला. सरकारी पारितोषिके मिळाली. झरीकर म्हटले की लोक टांग्यातून, बैलगाडीतून टाकीज गाठायचे.

काशीनाथराव कचेरीत कारकून झाले आणि कारकून म्हणूनच निवृत्त झाले. कचेरीसमोरच्या भिंतीवर व्यंकटीच्या सिनेमाचे पोस्टर लागले, की ते उतरेपर्यंत ते मागच्या गल्लीतून ये-जा करत. त्याचा एक सिनेमा सपशेल पडल्याची बातमी वाचली त्या संध्याकाळी त्यांनी घरी जिलबी आणली होती. कशाची, असे प्रमोदिनीबाईंनी विचारले तेव्हा म्हणाले, "सहज." पुढे रंगीत सिनेमे आले, व्यंकटीचा बाजार उठला, तो पुण्यात जाऊन राहिला. तरी काशीनाथरावांच्या पोटातली आग काही विझली नाही. त्याचा एकही सिनेमा त्यांनी पाहिला नाही. प्रमोदिनीबाईंनी मात्र सगळे पाहिले. 'बोळातलं बिऱ्हाड' तर जिथे लागेल तिथे. जिंतूरला लागला की जिंतूरला, पूर्णेला लागला की पूर्णेला, शेजारणीला सोबत घेऊन एसटीने. काशीनाथरावांनी कधी नको म्हटले नाही. ती परत आली की दोन दिवस तिच्याशी बोलायचे नाही, एवढेच.

याला एक कारण होते. लग्नानंतर चार वर्षांनी, ऐन मे महिन्यात, व्यंकटी त्यांच्याकडे राहायला आला होता. बोळातली भाड्याची एक खोली, त्यात प्रमोदिनी तापाने फणफणलेली. व्यंकटीने खाटेशेजारी बसून गावातल्या माणसांच्या नकला केल्या आणि ती त्या तापातही हसली. उचकी लागेपर्यंत हसली. चार वर्षांत ती काशीनाथच्या बोलण्यावर कधी तशी हसली नव्हती. व्यंकटी गेल्यावर काशीनाथ एवढेच म्हणाला, "ह्याला पुन्हा घरी बोलवायचं नाही." व्यंकटी पुन्हा आलाही नाही. पण त्या दिवसापासून काशीनाथचे बायकोशी बोलणे कामापुरते राहिले.

आता सत्काराचे बोलावणे आले होते. रात्रभर विचार करून सकाळी काशीनाथरावांनी स्वतःच ओमप्रकाशला फोन लावला. "बोलतो मी. एक जुनी आठवण सांगतो."

आठवण जिंतूरच्या प्रयोगातली होती. भर नाटकात व्यंकटीची दातखीळ बसली होती. एक शब्द आठवेना. काशीनाथने प्रेक्षकांकडे पाठ केली आणि त्याच्या आवाजात त्याची वाक्ये म्हणून नाटक तारले. ही गोष्ट आता चारचौघांत हसत हसत सांगायची. लोकांना गंमत वाटावी आणि व्यंकटीच्या मात्र वर्मी लागावी. आठवडाभर न्हाणीघरात त्यांनी ती म्हणून पाहिली. शब्द पक्के बसले. पाठांतर तर छान होतेच.

रविवारी सकाळी सभागृह भरून गेले होते. व्यंकटीला चाकाच्या खुर्चीतून आणले. खुर्ची त्याची मुलगी ढकलत होती. अंगावरचा सदरा खुंटीला अडकवावा तसा लोंबत होता. ते पाहून काशीनाथरावांना क्षणभर बरे वाटले. मग दिव्याचा उजेड त्या तोंडावर पडला आणि ते चिडले. या वयातही ते तोंड बघत राहावेसे होते.

दिवे गेले. सिनेमा सुरू झाला.

नायक दुसराच कुणी होता. व्यंकटीने दिग्दर्शन करून शेजारच्या कारकुनाचे काम केले होते. तो कारकून पहिल्यांदा बोळातून चालत आला आणि सभागृहात खसखस पिकली. डावा खांदा पडलेला, पावले लगबगीची, पण प्रत्येक उंबऱ्याशी थबकून आधी घसा खाकरायचा आणि मगच आत पाऊल टाकायचे. काशीनाथरावही हसले. कुठलं येडं उचललंय ह्यानं, असे त्यांच्या मनात आले. पुन्हा तो उंबऱ्याशी थबकला, पुन्हा खाकरला, आणि अंधारात काशीनाथरावांचा हात आपसूक आपल्या डाव्या खांद्याकडे गेला.

त्यांचे हसू जागच्या जागी विरले.

चोर. जेवायला घातले, अंथरूण दिले, आणि हा आमची नक्कल करून गावोगाव हशा पिकवत हिंडला. उठून जावे असे वाटले, पण रांगेच्या मधोमध बसले होते; उठले असते तर साऱ्यांनी ती चाल पाहिली असती.

मग तो प्रसंग आला. दुपारची वेळ. कारकुनाची बायको तापाने पडलेली. कारकून कचेरीतून मधेच घरी येतो, पुठ्ठ्याचा एक तुकडा शोधतो आणि उशाशी बसून तिला वारा घालू लागतो. कितीतरी वेळ घालतो. मान पेंगते, हात थांबत नाही. बायको डोळे उघडते तसा तो पुठ्ठा चटकन मांडीखाली दडपून खेकसतो, "उठायचा विचार हाय का नाही आज?" बायको ओळखते. नुसती कुशीवर वळून हसते.

सभागृहात कुणी हसले नाही.

काशीनाथरावांना ती दुपार आठवली. पुठ्ठा आठवला, छपराच्या पत्र्याची धग आठवली. व्यंकटी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून झोपला होता. म्हणजे झोपला नव्हता.

त्यांनी हळूच शेजारी पाहिले. प्रमोदिनीबाईंचे ओठ पडद्यावरच्या वाक्यांबरोबर हलत होते. सारा सिनेमा तिला पाठ होता. ती त्या कारकुनाकडे ज्या नजरेने बघत होती, त्या नजरेचा हेवा काशीनाथरावांना आजवर वाटला नव्हता इतका वाटला. आणि या वेळी तो व्यंकटीचा नव्हता. उशाशी पुठ्ठा हलवत बसलेल्या त्या तिशीतल्या माणसाचा होता. त्याच्याशी भांडायचे तरी कसे?

दिवे लागले. व्यंकटीची खुर्ची मंचावर चढवली गेली. ओमप्रकाशने माइकवरून त्यांचे नाव पुकारले.

ते उठले. मधल्या वाटेने चालू लागले. मागून कुणीतरी फिस्सकन हसले. मग कुजबूज झाली, "अरे, बघ ना... तीच चाल!" मंचाच्या पायरीशी आले आणि सवयीने थबकले, खाकरले. सगळ्या सभागृहाला हसू फुटले. हशा उसळला आणि त्या हशातूनच टाळ्या सुरू झाल्या. लोक उभे राहिले. नायकाच्या भूमिकेत इतकी वर्षे घसा फोडून जे मिळाले नाही, ते नुसते चालल्याने मिळाले होते. आणि तेही व्यंकटीच्याच खात्यावरचे.

खुर्चीतल्या व्यंकटीने मान वर केली. त्याच्या पुढ्यातला माइक चालू होता. "बगा, बगा," तो चिरक्या आवाजात म्हणाला, "ह्यानं माजी चाल चोरली!"

पुन्हा हशा. काशीनाथराव माइकपाशी उभे राहिले. हशा ओसरायची वाट पाहिली. जिभेवर सगळे शब्द तयार होते. "जिंतूरला," ते म्हणाले, "एकदा आमचा प्रयोग होता..."

पहिल्या रांगा हसून टाळ्या वाजवू लागल्या. ओमप्रकाश पुढे झुकून म्हणाला, "सांगा काका, सांगा! ही गोष्ट तर आम्हाला पाठच हाय. झरीकर प्रत्येक मुलाखतीत सांगतात, काशानं त्या दिवशी माझी वाक्यं म्हटली नसती तर मी पुन्हा उभाच राहिलो नसतो. आज तुमच्या तोंडून ऐकू द्या."

काशीनाथरावांनी एकही मुलाखत वाचली नव्हती. शब्द होते, पण त्यांना धार उरली नव्हती. "तेच," ते शेवटी म्हणाले. "तीच गोष्ट. यांनी सांगितली तशीच हाय."

मग त्यांनी तबकातली शाल उचलली आणि व्यंकटीच्या खांद्यावर घालायला वाकले. व्यंकटीने त्यांचे मनगट धरले. हात काटकीसारखा झाला होता, पण पकड सोडत नव्हता. डोळे काशीनाथरावांवर होते, पण बघत होते कुठेतरी दूर.

"काशा, वैनीचा ताप उतरला का रं?"

मुलगी मागून हळूच म्हणाली, "काका, त्यांचं असं मधेच होतं. जुन्यात जातात. मनावर घेऊ नका."

काशीनाथरावांनी शाल नीट केली. खांद्यावरून घसरत होती ती पुन्हा सारखी केली.

"उतरला," ते म्हणाले.

"बरं झालं. तू लय जागला बग."

परतताना ऑटोत नवरा-बायको दोघेच होते. उन्हाने रस्ता पांढरा पडला होता. स्टेशनच्या बाजूने गर्दी होती म्हणून ऑटोवाल्याने लांबचा रस्ता घेतला.

"तुला माहीत होतं," काशीनाथराव म्हणाले.

"काय?"

"तो मी हाय म्हणून."

"पहिल्या खेपेलाच कळलं की. घसा खाकरण्यावरूनच ओळखलं." प्रमोदिनीबाई बाहेर बघत होत्या.

"मग मला का नाही सांगितलं? एवढी वर्षं मला वाटलं तू..."

"मला ठाऊक हाय तुम्हाला काय वाटलं ते."

"मग?"

"सांगून काय झालं असतं? तुमी व्यंकटीभावजींच्या नावानं आणखी चार शिव्या घातल्या असत्या." त्या रागावल्याही नव्हत्या, रडवेल्याही नव्हत्या, बाजारातून काय आणले ते सांगावे तशा म्हणाल्या, "तसला माणूस घरात दिसायचा बंद झाला. म्हणून तिथं जायचे बघायला. आणि काय."

काशीनाथरावांना घसा खाकरावासा वाटला, पण खाकरला नाही.

ऑटो गल्लीच्या तोंडाशी थांबला. काशीनाथराव आधी उतरले, फिरून दुसऱ्या बाजूला गेले आणि कधी नव्हे तो त्यांनी आत हात पुढे केला.

प्रमोदिनीबाईंनी त्या हाताकडे पाहिले. मग मांडीवरची पिशवी त्या हातात दिली आणि ऑटोची दांडी धरून, पाय चाचपत, एकट्याच खाली उतरल्या.